कुठं किती थांबलास?

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तिथं शिकलो ते कॉम्प्युटर. माणसाबद्दल कसं लिहावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जवळून ओळखणारी माणसं दौंडमध्ये आहेत. लिहिण्याचा पहिला हक्क त्यांचा. म्हणून आधीच माफी मागतो. तरी लिहितो आहे, कारण गार्डमामांच्या एका पत्राचं उत्तर माझ्याकडं राहून गेलं. ते किती दिवस राहिलं आणि कशामुळं, हे शेवटी लिहीन. तसं लिहायचं त्यांनीच शिकवलं होतं.

घरी कुणी आलं की गार्डमामा "प्रवास कसा झाला?" असं विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुठं किती थांबलास?" मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो, हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर वळकटी, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला.

"कवठे येमाईहून आलो, मामा. सकाळी सातला निघालो होतो."

"ते न्हाई इचारलं. शिरूरला किती थांबलास?"

"एसटीची वाट बघत... तासभर असेन."

"तासभर म्हंजी? चाळीस मिन्टंबी तासभर आन् दीड तासबी तासभरच."

आतून मामींचा आवाज आला, "अहो, लेकराला आत तरी घ्या! का त्याचा थांबा हितंच लिवायचाय?"

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "दारात तीन मिन्टं," ते म्हणाले. "कारण, घरमालक." आणि बाजूला झाले.

कॉलेजची शेवटची दोन वर्षं मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. मामा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि मी गेलो तेव्हा निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्यांची आई केडगावच्या ख्रिस्ती मिशनमध्ये वाढलेली. रविवारी सकाळी काळे बूट चकाचक करून मामा-मामी प्रार्थनेला जात. त्या बुटांवरून मामी त्यांना हमखास चिडवत. "लग्नात केडगावच्या देवळात धा मिन्टं उशिरा आले हे," त्या मला सांगत. "सगळी मंडळी उभी. पाळकसाहेबांनी इचारलं, काय झालं? तर म्हणत्यात, धा मिन्टं, कारण, डावा बूट सापडला न्हाई." मामा शांतपणे म्हणत, "उजवा येळेवर हुता."

मालगाडीच्या शेपटाला गार्डाचा एक लहानसा डबा असतो. मामांचं आयुष्य त्या डब्यात गेलं. एक बाकडं, दोन झेंड्या, एक कंदील आणि एक वही. पुढं चाळीसेक वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यांच्याही पुढं इंजिन, आणि मागं फक्त दूर जाणारे रूळ. मामा म्हणत, "ड्रायव्हरला येणारं दिसतं. गार्डाला गेलेलं दिसतं." भर दुपारी गाडी एखाद्या आडस्टेशनात बाजूला उभी करून ठेवत. मग तास-तास काही घडत नसे. लोखंड तापल्याचा वास, बाभळीवर होला, लांबवर कुणाची तरी मोट बंद पडलेली विहीर. डोळा लागतो आहे असं वाटावं तोच दूर समोरून एक धक्का वाघिणी-वाघिणीतून वाजत वाजत येई आणि शेवटी बाकड्याखाली पोचे. गाडी निघाली. मामा वही उघडून लिहीत: आली कधी, सुटली कधी, थांबली किती, कारण काय. ते हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज इतका संथ होई की ऐकताना आपणच त्या डब्यात डुलतो आहोत असं मला वाटे.

रोज दुपारी चारला दहा कमी असताना मामा टोपी घालून स्टेशनवर जात. नोकरीत असताना कंट्रोलच्या फोनवरून सगळ्या स्टेशनांना चार वाजता वेळ मिळत असे. ऐन चारला सगळ्या स्टेशनमास्तरांनी आपलं घड्याळ मिळवायचं. मामा आता कुणाचेच गार्ड नव्हते, पण फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसून ते स्टेशनच्या घड्याळाशी हातातलं किल्लीचं घड्याळ मिळवून घेत. मीही कॉलेज नसेल तेव्हा बरोबर जाई. काटा चारवर आला की ते म्हणत, "बघ, आत्ता केडगाव, पाटस, यवत, सगळी एका येळेत हायती. आता ह्याच्या पुढं जो तो आपापल्या चालीनं सरकणार. उद्या चारपत्तुर." मला ते फार आवडे. एक क्षण सगळं जुळलेलं, आणि मग पुन्हा हळूहळू सुटत जाणारं. उन्हात रूळ पाण्यासारखे हलत आणि मला वाटे, वेळ त्यावरूनच येते.

घड्याळ मुद्दाम पुढं ठेवणाऱ्यांवर मात्र त्यांचा राग होता. आमच्याकडं बहुतेक घरांत घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं, म्हणजे कामं वेळेवर होतात. शेजारच्या काकूंचंही तसंच होतं. मामा म्हणत, "स्वतःशी खोटं बोलायचं, आन् ते खोटं हाय हे ठावंबी असायचं. मग फायदा कुणाला?"

हे आठवतं, कारण माझ्या प्रोजेक्टची सुरुवात याच चुकीनं झाली. शेवटच्या वर्षी मला काम मिळालं होतं ते असं: लॅबमधले सहा कॉम्प्युटर एकामागोमाग एक तारेनं जोडायचे आणि पहिल्याच्या घड्याळाशी बाकीच्यांची घड्याळं जुळवायची, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. पहिल्याचा निरोप सहाव्याला जाताना मधल्या चौघांच्या हातातून जायचा. मी चार दिवस खपून पहिल्या दोघांचं जमवलं आणि आनंदानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तर दहा मिनिटांचा फरक. लॅबच्या सहायकांनी पहिलं मशीन दहा मिनिटं पुढं ठेवलं होतं. मुलं वेळेत बाहेर पडतात आणि सहायकांना कुलूप लावता येतं.

मामा त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "दोघं एका सुरात चुकले! हेबी काय कमी न्हाई, इंजिनेर." मग डोळे पुसत म्हणाले, "पर सेकंदाचे हजार तुकडे? ते कुणाला लागत्यात?"

मी सांगितलं, समजा कारखान्यात दोन यंत्रं एकदम बंद पडली. आधी कुठलं बंद पडलं, हे दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या तरच कळतं.

"म्हंजी चौकशीत लागत्यात," मामा गंभीर होऊन म्हणाले. तेव्हापासून त्यांना माझं काम पटलं.

पण काम जमत नव्हतं. दोन मशीनचं सोपं होतं. एकानं विचारायचं, किती वाजले? उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि निम्मा धरायचा, कारण जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. सहा मशीन झाली की निम्मं धरून चालेना. मधल्या मशीनवर दुसरी कामं असली की निरोप रांगेत थांबून राही. जाताना जास्त, येताना कमी, कधी उलटं. सहावं मशीन हजाराव्या भागाच्या वीस-तीस पट भरकटे, आणि रोज वेगळं. महिना गेला. माझ्या गावाकडं सगळ्यांना वाटत होतं की पोरगा इंजिनीअर झालाच, आणि मी रोज संध्याकाळी पायरीवर आकड्यांचे कागद घेऊन बसलेला.

मामांनी एकदा कागद हातात घेतला. आकडे त्यांना कळले नाहीत, पण ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हितं निघाला कवा आन् पोचला कवा, येवढंच हाय. मधल्या स्टेशनांनी काय लिवलंय?"

"मधली मशीनं काही लिहीत नाहीत, मामा. नुसतं पुढं पाठवतात."

"का?"

"त्यांची घड्याळं अजून जुळलेली नसतात. त्यांनी लिहिलेल्या वेळेवर विश्वास कसा ठेवायचा?"

मामांनी हातातलं घड्याळ काढलं आणि किल्ली ओढून सरळ वीस मिनिटं मागं केलं. मामी दारातून बघतच राहिल्या. मामांनी घड्याळाला असं केलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आता हे चुकीचं हाय. व्हय का न्हाई?" मामा म्हणाले. "जा, बाजारातनं कोथमीर घिऊन ये. तुला किती येळ लागला ते हे बरोबर सांगंल का चुकीचं?"

मी पायरीवर बसून राहिलो. कोथिंबीर आणायला गेलोच नाही. घड्याळ चुकीचं असलं तरी थांबा बरोबर मोजतं. प्रत्येक मशीननं निरोप आला कधी, सुटला कधी, हे आपल्याच घड्याळानं पाहायचं, फरक काढायचा आणि तेवढा थांबा निरोपावरच लिहून पुढं पाठवायचा. शेवटच्यानं सगळे थांबे वजा करायचे. उरतो तो नुसता प्रवास. मामा हे आयुष्यभर करत आले होते. पुढं मला कळलं की याच वाटेनं जगात मोठमोठे लोकही निघालेले होते, मी काही नवीन शोधलं नव्हतं. पण मला ते दौंडच्या एका पायरीवर कळलं, आणि मामी म्हणत होत्या, "कोथमिरीवाचून आमटी करू का आता?"

पंधरा दिवसांत सहावं मशीन जुळलं. अहवालाच्या तक्त्यात फक्त एक जागा रिकामी राहिली. तिसरं मशीन परीक्षेच्या फॉर्मांसाठी ऑफिसनं नेलं होतं आणि ते परत आल्यावर त्यावर थांबा मोजणारा प्रोग्रॅम चढवायला मी विसरलो. शेवटच्या चाचणीत त्याचे थांबे नोंदलेच गेले नाहीत. पुन्हा चाचणी घ्यायला लॅब रिकामी नव्हती. मित्र म्हणाला, दुसऱ्या आणि चौथ्या मशीनच्या मधला आकडा टाक, कुणाला कळतंय? मी तो आकडा पेन्सिलनं लिहिला आणि मामांकडं गेलो. विचारायला गेलो की कबुलीजबाब द्यायला, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

मामा कागदाकडं न बघता बोलायला लागले. मनमाडकडच्या एकेरी मार्गावर त्यांची गाडी एका आडस्टेशनात उभी होती. सिग्नल पडला, म्हणजे वाट मोकळी झाली, आणि ड्रायव्हरनं शिट्टी दिली. आता गार्डानं हिरवी झेंडी दाखवायची. पण शेवटच्या वाघिणींखालून मेंढरं पलीकडं निघाली होती. उभी गाडी बघून मेंढक्यानं वाट काढली होती. निम्मा कळप इकडं, निम्मा तिकडं, कोकरं मध्येच चाकांशी ओरडत उभी. हे फक्त शेपटाच्या डब्यातून दिसत होतं. "अकरा मिन्टं झेंडी दावली न्हाई," मामा म्हणाले. "पुढच्या स्टेशनात मेल आमच्यासाठी खोळंबली. चौकशी लागली. मास्तर चांगला माणूस, म्हणला, सिग्नल उशिरा पडला आसं लिव्ह, मीबी तसंच लिवतो. म्या लिवलं, अकरा मिन्टं, कारण, गार्ड स्वतः."

"मेंढरं का नाही लिहिलंत?"

"झेंडी मेंढरांच्या हातात न्हवती."

त्यानंतर मामांना मेल गाडी कधी मिळाली नाही. शेवटपर्यंत ते मालगाडीवरच राहिले. हे त्यांनी नाही, मामींनी सांगितलं, भाकरी थापता थापता, हळू आवाजात.

मी आकडा खोडला. तिथं लिहिलं: थांबा मोजला नाही, प्रोग्रॅम चढवायचा माझ्याकडून राहिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांचं बोट नेमकं तिथंच पडलं. मी आहे ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "थांबे वजा करायची ही रीत कुठं वाचलीस?"

"वाचली नाही सर. एका गार्डांनी सांगितली."

"सिक्युरिटीच्या?"

"नाही सर. मालगाडीच्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सांग मला सगळं." मी पास झालो.

सुट्टीत मी गावी वडिलांना मेंढरांची ती गोष्ट सांगितली. आता आमची शेती आहे, पण माझ्या लहानपणापर्यंत ते कळप घेऊन फिरत. मी विचारलं, "आबा, तुम्ही कधी उभ्या गाडीखालून मेंढरं नेलीत?" ते म्हणाले, "समद्यांनीच नेलीत." मग बांधाकडं बघत म्हणाले, "गाडी थांबल्याली आसायची. कुणी थांबवली आसंल, हे कवा डोक्यात आलं न्हाई."

पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला जायचं ठरलं तेव्हा मामांनी मला स्टेशनवर नेलं, दुपारी चारलाच. आम्ही दोघांनी घड्याळं मिळवली. ते म्हणाले, "वर्सातनं एकदा येत जा. एकटं घड्याळ सरकत जातं, आन् आपण सरकलोय हे त्याला कळत न्हाई." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

मग त्यांची पत्रं येऊ लागली. पाकिटांचा एक गठ्ठाच त्यांनी आणून ठेवला होता. सगळ्यांवर माझा गावाकडचा पत्ता आधीच लिहिलेला, कारण हॉस्टेल बदलतं, गाव बदलत नाही. आणि मागं पट्टीनं आखलेले रकाने: आलं, सुटलं, थांबा, कारण. पाकीट दौंडहून कवठ्याला जाई. आबांना लिहिता येत नाही, म्हणून पोस्टमन त्यांच्या वतीनं रकाना भरे. बाजाराच्या दिवशी आबा ते शिरूरला माझ्या बहिणीकडं नेत, ती त्यावर हैदराबादचा पत्ता घालून पुढं टाके. कारणाच्या रकान्यात काय काय येई! "गाय व्यायली." "नणंद आली होती." एकदा पोस्टमननं स्वतःचंच लिहिलं, "सायकल पंक्चर, दोन दिवस." मी सगळे थांबे वजा करून प्रवासाचे दिवस मामांना कळवी. ते खूश होत.

पहिल्या वर्षी मी गेलो. दुसऱ्या वर्षी श्रावणात त्यांचं पत्र आलं. अक्षर जरा हललेलं. "स्टेशनात जायला पाय उचलत न्हाईत. घड्याळ कुणाशी मिळवावं कळंना. एकदा येऊन जा." मी पत्र टेबलावर ठेवलं. माझा एक निबंध द्यायचा होता. मग प्रयोग होता. मग वाटलं, उत्तर कशाला, दिवाळीत जाऊच.

दिवाळीच्या आधी एका शुक्रवारी हॉस्टेलच्या क्लार्कनं मला पाकीट दिलं. वर मामांच्या हातचा पत्ता, मागं त्यांनीच आखलेले रकाने. मला वाटलं, रागावले असणार. जिन्यातच मी हिशेब करत बसलो. मामांकडून निघून एकवीस दिवस. कवठ्यात पाच, बाजाराची वाट. शिरूरला पाच, बहिणीच्या धाकट्याला ताप. हॉस्टेलच्या ऑफिसात तीन, सुट्टी. थांबे तेरा, प्रवास आठ. हे त्यांना कळवायचं असं मनाशी म्हणत मी पाकीट फोडलं.

आतलं अक्षर मामींचं होतं.

खोलीत आलो. टेबलावरच्या श्रावणातल्या पत्राचं पाकीट उलटं केलं. मागं कवठे, शिरूर, हॉस्टेल, सगळे रकाने भरलेले होते. शेवटचा माझा रिकामा होता. आल्याची तारीख घातली. थांबा, बावन्न दिवस. सुटलं, या रकान्यात काही लिहिता आलं नाही. कारणापुढं लिहिलं: मी स्वतः.

मामींचं पत्र लहानच होतं. "तुझे मामा मंगळवारी दुपारी गेले. तरास झाला न्हाई. गठ्ठ्यातलं शेवटचं पाकीट हुतं, त्यातनंच कळवते. घड्याळ तुला द्यायचं म्हणून ठेवलंय. मी रोज चारला किल्ली देते. चालतंय. बरोबर हाय का न्हाई, ते तू आल्यावर कळंल."